जीवा, वतर आणि वालीवच्या गाळ्यातला चार्ट

मागच्या महिन्यात एका रविवारी भाची वही घेऊन घरी आली. अकरावी सायन्सला आहे, नालासोपाऱ्याहून रोज लोकल पकडून कॉलेजला जाते. चेहरा उतरलेला होता. चाचणीत तिने साइन ७५° म्हणजे साइन ४५° अधिक साइन ३०° असे लिहिले होते. त्यावर लाल फुली आणि शेजारी सूत्र.

गुण गेल्याचे तिला फारसे वाटत नव्हते. ती म्हणाली, "मामू, सूत्र मला पाठ आहे, घाईत चुकले. पण सरळ बेरीज का चालत नाही, हे कुणी सांगतच नाही. क्लासमध्ये विचारले तर म्हणाले, पाठ कर, परीक्षेत 'का' विचारत नाहीत."

मी गणिताचा माणूस नाही. वसई पूर्वेला वालीवच्या एका गाळ्यात पंचवीस वर्षे सुपरवायझर होतो, लोखंडात भोके पाडून घेणे हा धंदा. पण तिच्या त्या 'का'ने मला माझीच एक जुनी चूक आठवली. आज ती आधी सांगतो.

पाइपाच्या तोंडाशी नटबोल्ट लावायला जी गोल चकती असते तिला फ्लँज म्हणतात. तिच्यावर एका वर्तुळावर सारख्या अंतराने भोके पाडायची असतात. त्या वर्तुळाच्या व्यासाला कारखान्यात पीसीडी म्हणतात. दोन भोकांमधले अंतर काढायला आमच्या भिंतीवर एक चार्ट चिकटवलेला होता. पाच भोके असतील तर ०.५८७८, सहा असतील तर ०.५, आठ असतील तर ०.३८२७, बारा असतील तर ०.२५८८. पीसीडीला त्या आकड्याने गुणायचे, डिव्हायडर तेवढा उघडायचा आणि वर्तुळावर चालवत न्यायचा. हिशेब बरोबर असला की शेवटचे टोक पहिल्या खुणेवर येऊन बसते.

चार्ट जुना झाला, तेव्हा कुणीतरी हाताने नवा लिहिला. त्यात पाच भोकांसमोर ०.५८७८ चे ०.५५७८ झाले. आठाचा पाच. काही दिवसांनी एका नव्या पोराने २०० मिलिमीटर पीसीडीचे मार्किंग केले. चार अंतरे ११२ च्या आसपास आली आणि पाचवे थेट १४०. त्याने पुसून पुन्हा केले, पुन्हा तेच. तो दबकत म्हणाला, "साहेब, चार्टच चुकला असेल." मी सगळ्यांसमोर ओरडलो, "चार्ट इतकी वर्षे भिंतीवर आहे, तू परवा आलास. डिव्हायडर नीट धरायला शिक." त्याचा अर्धा दिवस कापला. संध्याकाळी जुना कागद सापडला आणि पोराचे खरे निघाले. कापलेला अर्धा दिवस मी दुसऱ्या दिवशी परत दिला. ओरडलो होतो सगळ्यांसमोर, माफी मात्र कोपऱ्यात मागितली. ते अजून टोचते.

चूक आठाचा पाच करणाऱ्याची होती, तशी माझीही होती. तो आकडा कुठून आला हे मला ठाऊकच नव्हते. मला फक्त कागद ठाऊक होता. तो आकडा साइन ३६° आहे, हे मला फार उशिरा कळले. पाच भोकांपैकी शेजारची दोन भोके केंद्राशी ७२° चा कोन करतात आणि परिघावरच्या बिंदूशी त्याच्या निम्मा, ३६° चा. व्यासाला त्या कोनाच्या साइनने गुणले की जीवेची लांबी मिळते. एवढे माहीत असते, तर लॉग टेबल उघडून मी एका मिनिटात त्या पोराची बाजू घेतली असती.

म्हणून भाचीला मी सूत्र सांगितले नाही. तिच्या हातात कंपास दिला.

तुम्हीही काढून बघा. ५ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ घ्या, म्हणजे व्यास १० झाला. व्यासाच्या टोकांना अ आणि क म्हणा. अ या टोकाशी व्यासाच्या एका बाजूला ४५° चा कोन करून रेघ काढा, ती वर्तुळाला जिथे मिळेल तो बिंदू ब. दुसऱ्या बाजूला ३०° चा कोन करून तसाच बिंदू ड. आता अ, ब, क, ड जोडा. चारही टोके वर्तुळावर असलेला हा चौकोन. दहावीच्या पुस्तकात यालाच चक्रीय चौकोन म्हणतात.

अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, म्हणून ब आणि ड या दोन्ही टोकांशी काटकोन आहेत. मग बाजू लगेच मिळतात. बक ही बाजू १० गुणिले साइन ४५°, म्हणजे ७.०७. अब ही १० गुणिले कोसाइन ४५°, तीही ७.०७. कड ही १० गुणिले साइन ३०°, म्हणजे ५. अड ही १० गुणिले कोसाइन ३०°, म्हणजे ८.६६. एक कर्ण म्हणजे व्यास, १०. दुसरा कर्ण बड. ही जीवा अ पाशी ४५ अधिक ३० असा ७५° चा कोन करते, म्हणून तिची लांबी १० गुणिले साइन ७५°. आपल्याला हवी आहे ती हीच.

आता भाचीचे उत्तर या आकृतीत घालून बघा. साइन ४५° अधिक साइन ३०° म्हणजे ०.७०७ अधिक ०.५, एकूण १.२०७. तसे असते तर बड ही जीवा १२ सेंटिमीटरच्या वर गेली असती. दहाच्या व्यासात बाराची जीवा बसवायची कुठे? व्यासापेक्षा लांब जीवा नसते. तिने आकृतीकडे पाहिले, मग स्वतःच्या पेपरकडे, आणि हसली. लाल फुलीने तिला चूक झाल्याचे कळले होते. का चूक आहे हे तिला या रेघेने सांगितले.

मग बरोबर काय? इथे टॉलेमीचे प्रमेय कामाला येते. चक्रीय चौकोनात कर्णांचा गुणाकार हा समोरासमोरच्या बाजूंच्या गुणाकारांच्या बेरजेइतका असतो. अब गुणिले कड म्हणजे ७.०७ गुणिले ५, साधारण ३५.४. बक गुणिले अड म्हणजे ७.०७ गुणिले ८.६६, साधारण ६१.२. बेरीज ९६.६. व्यास १० ने भागले की बड ९.६६. पट्टी लावा, तेवढीच भरते. आकड्यांच्या जागी कोन ठेवले की पुस्तकातले सूत्र समोर उभे राहते: साइन (अल्फा + बीटा) = साइन अल्फा × कोसाइन बीटा + कोसाइन अल्फा × साइन बीटा. सूत्रात दोन गुणाकार का, आणि मध्ये अधिक का, हे चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू पाहून कळते.

"पण टॉलेमीचे प्रमेय तरी खरे कशावरून?" असे भाचीने विचारले. मला आनंद झाला. तेही दहावीच्या भूमितीत बसते. अक या कर्णावर म हा बिंदू असा घ्या की कोन अबम हा कोन डबक एवढा होईल. एकाच कंसातले कोन समान असतात, त्यामुळे त्रिकोण अबम आणि त्रिकोण डबक समरूप होतात. त्यातून अब गुणिले कड बरोबर बड गुणिले अम. तसेच त्रिकोण मबक आणि त्रिकोण अबड समरूप, त्यातून बक गुणिले अड बरोबर बड गुणिले मक. दोन्हींची बेरीज करा. अम आणि मक मिळून अख्खा कर्ण अक होतो. झाले. आयत हासुद्धा चक्रीय चौकोनच. त्याला हेच प्रमेय लावले तर कर्णाचा वर्ग बरोबर लांबीचा वर्ग अधिक रुंदीचा वर्ग, म्हणजे पायथागोरस हातात येतो.

एक मर्यादा सांगायला हवी. वरची आकृती दोन्ही कोन लघुकोन असतील तेव्हाचीच आहे. मोठ्या कोनांसाठी पुढे वेगळा विचार करावा लागतो. कोणते विधान कुठवर खरे आहे हे सांगणे हा सिद्धतेचाच भाग असतो. हे महाराष्ट्रात कुणी कडक शब्दांत सांगितले असेल तर भास्कराचार्यांनी. त्यांच्या पाचशे वर्षे आधी, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ आणि कर्ण काढण्याची सुंदर सूत्रे दिली होती. ती चक्रीय चौकोनालाच लागू पडतात, पण ही अट त्याच्या श्लोकात उघडपणे येत नाही. खाटेची चौकट सैल झाली की चार बाजू त्याच राहतात, पण आकार बदलतो आणि क्षेत्रफळही. लीलावतीत भास्कराचार्य म्हणतात की कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे नेमके क्षेत्रफळ विचारणारा पिशाच्च आहे, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच्च. माझ्या गाळ्यातला पिशाच्च कोण होता, ते मी वर सांगितलेच आहे.

आता शब्दांकडे वळतो, कारण मला खरे बोलायचे आहे ते त्यावरच.

मराठी पुस्तकात परिघावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या रेघेला जीवा म्हणतात. जीवा किंवा ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. उर्दू माध्यमाच्या पुस्तकात त्याच रेघेला वतर म्हणतात. वतर हा अरबी शब्द, त्याचाही अर्थ धनुष्याची दोरी. एकाच गल्लीतली दोन मुले दोन शाळांत जातात, दोन लिप्यांत लिहितात आणि तीच दोरी ताणतात. आपण रोज वापरतो तो त्रिज्या हा शब्दही तसाच. तीन राशींची ज्या, म्हणजे नव्वद अंशांची ज्या, ती त्रिज्या. आमच्या मुलांच्या तोंडी जुनी त्रिकोणमिती आहे, फक्त कुणी त्यांना ते सांगत नाही.

टॉलेमी हा दुसऱ्या शतकातला, अलेक्झांड्रियाचा. त्याने १२० भागांचा व्यास धरून अर्ध्या अर्ध्या अंशाच्या अंतराने जीवांचे कोष्टक केले. वरचे प्रमेय त्या कामासाठीच त्याला लागले. माझ्या गाळ्यातला चार्ट हा त्या कोष्टकाचाच दूरचा नातू. आपल्याकडे ४९९ मध्ये आर्यभटाने पूर्ण जीवेऐवजी अर्धी जीवा घेतली आणि २४ ज्यांचे कोष्टक दिले. हिशेबाला ही अर्धी जीवा फार सोयीची. अरबांनी ती उचलली आणि शब्दही तसाच ठेवला, 'जीबा'. अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत आणि जीबा या शब्दाला अरबीत अर्थ नाही, म्हणून पुढच्या वाचकांनी तो 'जैब' वाचला. जैब म्हणजे अंगरख्याची घडी, आपल्या बोलण्यातली जेब तिथूनच आली. बाराव्या शतकात लॅटिन अनुवादकांनी घडीसाठी 'सायनस' हा शब्द ठेवला आणि त्याचा साइन झाला. भाचीच्या पेपरवरचा साइन हा आमच्या जीवेचा जेबेतून प्रवास करून आलेला अवतार आहे.

बगदादमध्ये दहाव्या शतकात अबुल वफाने बेरजेचे हे सूत्र ज्येच्या भाषेत मांडले. अल-बिरूनीने वर्तुळातल्या जीवा काढण्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यात जीवांविषयीचे एक प्रमेय तो आर्किमिडीजच्या नावावर देतो आणि त्याच्या कितीतरी सिद्धता एकामागून एक मांडतो, ज्याची त्याच्या नावासह. हाच बिरूनी हिंदुस्थानवरच्या त्याच्या ग्रंथात किनाऱ्यावरची गावे सांगताना आपल्या सोपाऱ्याचे आणि ठाण्याचे नाव घेतो. त्याच्या काळच्या लोकांना किब्ल्याची दिशा, चंद्राचे दर्शन, नमाजाच्या वेळा यांसाठी हे गणित लागत होते.

उलटा प्रवासही झाला. चाळीसगावजवळच्या पाटणचा १२०७ चा शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये लीलावती फारसीत नेली. जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला. युक्लिडची भूमितीही त्याने नसीरुद्दीन तूसीच्या अरबी प्रतीवरून संस्कृतात उतरवली आणि तिला 'रेखागणित' नाव दिले. ते पुस्तक १९०१-०२ मध्ये मुंबईतच छापले गेले. आणि केरळात सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने 'युक्तिभाषा' हा ग्रंथ मलयाळममध्ये लिहिला, त्यात नुसती सूत्रे नाहीत, सिद्धताही आहेत, लोकांच्या बोलीत.

हे सगळे सांगितले ते एका दुखण्यासाठी. आमच्या वस्त्यांमध्ये दहावीचा निकाल लागला की गुणगौरव समारंभ होतात. शाल, ट्रॉफी, फोटो. पाहुणे उठतात आणि सांगतात की त्रिकोणमिती मुसलमानांनी जगाला दिली, अल्जेब्रा आपलाच. टाळ्या पडतात. मीही वाजवल्या आहेत. त्याच वेळी शेजारच्या वस्तीतल्या मोबाईलवर निरोप फिरत असतो की हे सगळे आपल्या ग्रंथांत आधीच होते, बाकीच्यांनी चोरले. दोन्हीकडे अभिमान भरपूर, आणि दोन्हीकडे घरात कंपासला पेन्सिल नाही. ज्यांची नावे आपण घेतो त्यांनी एकमेकांचे उतरवून घेतले, तपासले, चुका दाखवल्या, श्रेय दिले. आर्किमिडीजचे श्रेय आर्किमिडीजला देताना बिरूनीचे काही कमी झाले नाही.

माझ्या कानावर येणारे एक उत्तर असे: पोटाचा प्रश्न असलेल्या घरातल्या मुलांना सिद्धता काय करायची? गुण मिळाले, ॲडमिशन झाली, नोकरी लागली की पुरे. मी हे हलके घेत नाही. क्लासची फी कशी भरली जाते हे मला माहीत आहे. पण अर्धा दिवस कापला गेला तो पोराचा, साहेबाचा नाही. ज्याच्या मागे कुणी नाही, त्यालाच आपले म्हणणे खरे करून दाखवण्याचे साधन जास्त लागते. सिद्धता हे असे बोलणे आहे की ज्यात बोलणाऱ्याचे नाव, जात, मजहब, पगार विचारात येत नाही. समरूप त्रिकोण मालकाच्या बाजूने झुकत नाहीत. त्या दिवशी त्या पोराला साइन ३६° माहीत असता, तर मला ओरडता आले नसते.

आणि मुलींचे तर विशेष. दहावीनंतर 'गणित तुला झेपणार नाही' हे वाक्य किती मुलींनी ऐकले असेल. त्यांना झेपत नाही ते गणित नव्हेच. ती कारण न सांगता गळ्यात घातलेली सूत्रांची माळ आहे. दहावीच्या भूमितीत वर्तुळ हे तिसरे प्रकरण आणि त्रिकोणमिती हे सहावे. दोन्ही प्रकरणे एकाच चौकोनात भेटतात, हे दाखवायला तासभर पुरतो. त्यासाठी नवा अभ्यासक्रम नको की अनुदान नको.

म्हणून माझी मागणी लहान आहे. पुढच्या गुणगौरवात ट्रॉफीबरोबर एक चांगला कंपास बॉक्स द्या. पाहुण्यांच्या भाषणातली पंधरा मिनिटे काढून एका मुलीला आणि एका मुलाला फळ्यापाशी उभे करा. एकाने जीवा म्हणावे, दुसऱ्याने वतर म्हणावे, आणि टॉलेमीचे प्रमेय सगळ्यांसमोर सिद्ध करावे. टाळ्या तेव्हा वाजवू. अल-बिरूनीचे आणि भास्कराचार्यांचे नाव त्यानंतर घेतले तर शोभेल.

भाचीने ती आकृती वहीच्या शेवटच्या पानावर जपून ठेवली आहे. आता ती विचारते की साइन (अल्फा − बीटा) साठी चौकोन कसा काढायचा. मी म्हटले, दोन्ही बिंदू व्यासाच्या एकाच बाजूला घेऊन बघ, पुढचे तूच सांग. अजून उत्तर आलेले नाही, पण फोन रोज येतो.

तुम्हीही आज जेवणानंतर ५ सेंटिमीटरचे वर्तुळ काढा. ४५ आणि ३० चे कोन घ्या, बड मोजा. ९.६६ च्या आसपास आले नाही तर पेन्सिलीला टोक काढून पुन्हा बघा. मी लिहिले आहे म्हणून मात्र मान्य करू नका.